नखातला आषाढ

माझ्या आईला ज्यानं मारलं त्याला मी आत घालणार, हे मी पहिल्यांदा बोलले ते मिरजेच्या घाटावर, नळाखाली पाय धुताना. शेजारी पुष्कर खासनीस उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात रुमाल, आणि चेहरा असा की जणू त्याचीच आई गेली. 'क्षेमालय' या वृद्धनिवासाचा हा मालक. आई शेवटची काही वर्षं तिथं राहत होती, आपल्या हट्टानं, आपल्या खोलीत.

"ताई, वय झालं होतं त्यांचं," तो म्हणाला. "शेवटी माणसाच्या हातात काय असतं?"

"तुमच्या हातात काय होतं ते मी बघतेच," मी म्हटलं. "ज्याच्या हातून हे झालं त्याला गजाआड घातल्याशिवाय ही रत्नप्रभा चौगुले गप्प बसायची नाही. तो तुम्ही असलात तर तुम्हाला."

त्यानं रुमाल खिशात घातला आणि मान हलवली. मागं कुणीतरी कुजबुजलं, दुःखात बाई काहीही बोलते. अहो, मी दुःखात नव्हते. दुःखाला वेळ होता, ते नंतर आलं असतं. मी संतापले होते.

संतापणार नाही तर काय करणार? न्हाणीघरातून बाहेर येताना आईचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं. धड टेंगूळसुद्धा आलं नाही. दुपारी म्हणाली डोकं दुखतंय, संध्याकाळी जीभ अडखळायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी, नारळी पौर्णिमेला, सगळा खेळ आटोपला. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "रक्त इतकं पातळ झालं होतं की थांबायचं नावच घेत नव्हतं. असं कसं होऊ दिलं हो त्यांनी?"

तोच तर माझा प्रश्न होता.

आईच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरायला वेळ लागत नाही, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. ही गोळी फार जुनी आणि फार लहरी. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव, आणि या दोहोंच्या मधली वाट अरुंद. पूर्वी लोक महिन्या-पंधरवड्याला रक्त तपासून घ्यायचे आणि डॉक्टर गोळी कमीजास्त करायचा. क्षेमालयात ते काम 'मात्रक' करायचा. प्रत्येक खोलीत भिंतीला एक पोलादी कपाट. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी, झोप, रक्तदाब असं सगळं त्याला कळायचं, त्यावरून तो रोजची मात्रा ठरवायचा आणि सकाळी खालच्या वाटीत गोळ्या टाकायचा. आई त्याला 'आमचा कारकून' म्हणायची.

आता कारकुनावर खटला कसा भरणार? यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही. म्हणूनच काही वर्षांपूर्वी तो नवा कायदा आला. यंत्रानं घेतलेल्या प्रत्येक निर्णयामागं एका जिवंत माणसाचं नाव पाहिजे, चूक झाली तर उत्तर त्या माणसानं द्यायचं. लोक त्याला नुसतं 'नावाचा कायदा' म्हणतात. माझं पोट त्याच कायद्यावर चालतं. माझी मोटार ट्रेनिंगची शाळा आहे. गाड्या आता आपल्या आपण चालतात, पण सीटवर परवानेवाला बसलाच पाहिजे आणि ब्रेक त्याच्या पायाशी पाहिजे. मी लोकांना गाडी चालवायला नाही शिकवत, नुसतं जागं बसायला शिकवते. ते शिकवणं जास्त अवघड, हे तुम्हाला सांगून पटायचं नाही.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. वृद्धनिवासातलं कुणी गेलं की अग्नी देण्याआधी त्या माणसाच्या बोटाची नखं सरकारी प्रयोगशाळेत जातात. आईची गेली होती. आणि म्हणून मी वाट बघत बसले.

*

माझी वकील शमा मुजावर. माझ्याकडंच गाडी शिकली, परीक्षेत दोनदा आपटली, पण कोर्टात मात्र बाई वाघीण. सांगलीतल्या तिच्या ऑफिसात तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या.

"रत्नाताई, नख रोज साधारण एका केसाच्या जाडीइतकं पुढं सरकतं," ती म्हणाली. "त्या दिवशी रक्तात जे असेल त्याचा अंश त्या थरात अडकून राहतो. आधी यातून कुठल्या महिन्यात काय घेतलं एवढंच कळायचं. आता लेसरनं एकेक थर सोलतात, त्यामुळं दिवस न् दिवस वाचता येतो. ही वरची रेघ गोळीची."

ती रेघ सरळ होती. रोज तेवढीच गोळी, कमी नाही, जास्त नाही.

"मग चूक कुठाय?"

"खालची बघा. हे के जीवनसत्त्व. पालेभाजीतून येतं आणि रक्त गोठायला मदत करतं. म्हणजे गोळी आणि पालेभाजी ही तराजूची दोन पारडी. तुमच्या आई रोज पालेभाजी खायच्या, त्या हिशेबानं गोळी ठरलेली होती. आणि ही रेघ बघा कुठं कोसळते."

तिनं बोट ठेवलं. आषाढ शुद्ध एकादशी. त्या दिवशी खालची रेघ जी पडली ती परत उठलीच नाही.

माझ्या डोक्यात उजेड पडायला क्षणसुद्धा लागला नाही. चातुर्मास! दर वर्षी आई चार महिने काहीतरी सोडायची. एकदा साखर, एकदा वांगी, एका वर्षी तर चहा, आणि त्या वर्षी तिच्याशी बोलायची सोय नव्हती. यंदा तिनं पालेभाजी सोडली होती. एका पारड्यातलं वजन काढून घेतलं आणि दुसऱ्यात गोळी पडतच राहिली. नखात एकादशीपासूनचा आषाढ आणि अर्धा श्रावण लिहिला गेला होता.

"पण शमा, त्या कपाटाला कळायला नको? एवढं शहाणं म्हणतात ना?"

"त्यानं आठवड्याला बोटाला सुई टोचून रक्त बघायचं असतं. ती सुई खासनीसनं मागच्या वर्षी बंद केली. नवीन पट्ट्यातून रक्त कळतं म्हणून सगळ्यांना सांगितलं. मी तो पट्टा उघडून बघितलाय, त्यात तसलं काही नाही. यंत्र नुसता जुन्या आकड्यांवरून अंदाज करत होतं. खरी माहिती मिळायची एकच वाट उरली होती. रोज सकाळी ते प्रत्येकाबद्दल विचारतं, आहारात काही बदल? 'हो' म्हटलं की त्या माणसाला रक्त तपासायला पाठवतात. तुमच्या आईंच्या बाबतीत रोज उत्तर आलंय, 'नाही'."

"कुणी दिलं ते उत्तर?"

शमानं चष्मा काढला. "कायद्यानं जिचं नाव आहे तिनं. एस्तेर आढाव."

मला हसूच आलं, रागाचं हसू. आढाव सिस्टर! आईच्या समोरच्या खोलीतली, आईची जिवाभावाची मैत्रीण. मिरजेत चाळीस वर्षं नर्स होती, आता ऐंशी उलटली होती. तिचं कुणीच नव्हतं. खासनीसनं तिला फुकट ठेवून घेतलं होतं, आणि आम्ही सगळे म्हणायचो, काय मनाचा मोठा माणूस आहे! फुकट कसलं? अख्ख्या इमारतीच्या गोळ्यांमागं तिचं नाव लावून मोकळा झाला होता मेला.

*

मी तडक क्षेमालयात गेले. खासनीसनं मला बसायला सांगितलं, मी बसले नाही.

"ताई, कायदा मी केलेला नाही," तो शांतपणे म्हणाला. "कायद्याला एक नाव हवं, मी दिलं. प्रशिक्षित, अनुभवी. सिस्टरनीच 'नाही' दाबलंय. सुईबद्दल जो दंड होईल तो मी भरेन. आणि तुमच्या खटल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तुम्हाला न्याय मिळालाच पाहिजे."

"म्हणजे त्या म्हातारीला तुरुंगात घालून?"

"या वयात कुणी तुरुंगात घालत नाही हो. नजरकैद होईल, इथंच राहतील. कुणाचं काही नुकसान नाही."

कुणाचं काही नुकसान नाही! माझी आई मेली आणि कुणाचं काही नुकसान नाही! मी टेबलावर दोन्ही हात टेकले.

"खासनीस, माझ्या शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. माझा ब्रेक मी कापून टाकला आणि पोरानं गाडी खांबावर घातली, तर मी त्या पोराकडं बोट दाखवायचं का?"

"उपमा छान आहे," तो म्हणाला. "कोर्टात मात्र नाव चालतं."

त्या माणसाला तुरुंगाच्या पितळीत आमटी खाताना मी तिथल्या तिथं डोळ्यांसमोर बघितलं. काय सांगू, जिवाला इतकं गार वाटलं!

सिस्टर बागेत बाकावर बसली होती. अंगावर पांढरी साडी, मनगटावर आतल्या बाजूला घड्याळ. मला बघून उठायला लागली, मी खांदा दाबून बसवलं.

"रत्ना, मला समन्स आलंय," ती म्हणाली. "मी सांगणार आहे, नाव माझं, उत्तर माझं. जो दंड असेल तो मला करा."

"तुम्ही अख्ख्या इमारतीचं बटण दाबत होता, सिस्टर. एवढ्या लोकांत चुकून झालं असेल."

ती हातातला रुमाल घट्ट पिळत राहिली.

"तुम्ही 'माझी चूक' म्हणालात की तो सुटला, कळतंय का?"

"तो आला होता काल," ती म्हणाली. "पेरू घेऊन. म्हणाला, सिस्टर, तुम्ही कबूल करून टाका, पुढचं मी बघतो. आणि जाता जाता विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी रिटायर्ड नर्स आहे का? राहायची सोय करू आपण तिची."

"बघा! तुमच्या जागी बसवायला दुसरं नाव शोधतोय भाड्या!"

"तोंड सांभाळ," ती सवयीनं म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

शमानं मला एक गोष्ट सांगितली होती, सहज, कायदा समजावताना. नाव दिलेला माणूस मुळात शुद्धीवर नसेल, स्मृती गेलेला असेल, तर ते नाव गळून पडतं, आणि ते नाव देणारा हाच गुन्हेगार ठरतो. शमानं मला कुठलीही वाट दाखवली नाही. वाट मी शोधली. आणि त्या बाकावर मी सिस्टरला सरळ म्हटलं, "तुम्हाला काही आठवत नाही, असं म्हणा कोर्टात."

"मी येडी नाही, रत्ना."

"म्हणूनच तुम्हाला ते जमेल."

"अगं, चाळीस वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर पोरं माझ्या हातात दिली. माझ्यापाशी तेवढं एकच आहे. तू तेच मागतेस?"

"हो, तेच मागते," मी म्हटलं. मला तिची दया आली नाही असं नाही. पण माझ्या आतली आग दयेपेक्षा मोठी होती, आणि ती मी लपवली नाही. "आईसाठी मागते. तुम्ही गुन्हेगार म्हणून ताठ मानेनं बसाल, आणि तो पुढच्या म्हातारीला पेरू नेऊन देईल."

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"हे ठेव तुझ्याकडं. घड्याळ असलं की माझी नजर आपोआप जाते त्याच्यावर," ती म्हणाली. "कोर्टात जायला नको."

*

सुनावणीच्या दिवशी मी पहिल्या बाकावर होते. न्यायाधीशांनी नेमलेला डॉक्टर प्रश्न विचारत होता.

"आजी, आज वार कुठला?"

सिस्टरनं गोड हसून इकडंतिकडं बघितलं. "भेटीची वेळ संपली का हो?"

"तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"वॉर्डात." मग न्यायाधीशांकडं वळून, घाईघाईनं, "डॉक्टरसाहेब, चार नंबरचं सलाईन संपलंय, कुणीतरी बघा ना."

कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तर तिनं सगळे आकडे एका बाजूला गोळा केले आणि दुसरी बाजू मोकळी सोडली. तिनं आयुष्यभर असे पेशंट बघितले होते. कुठला आकडा कुठं घसरतो, हात कुठं थबकतो, सगळं तिला ठाऊक होतं. मला ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला.

खासनीसचा वकील ओरडला, "हे ढोंग आहे! मेंदूचा आलेख काढा, आत्ता कळेल."

"त्याला त्यांची संमती लागते," न्यायाधीश म्हणाल्या. "आणि त्या शुद्धीवर नसतील तर त्यांची संमती धरता येत नाही. पुढं चला."

तेव्हा तो वकील सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. खासनीसनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. माणूस हुशार, कुठं टोचायचं ते त्याला बरोबर माहीत.

"सिस्टर आढाव," वकील मोठ्यानं म्हणाला, अगदी वॉर्डात हाक मारावी तसा. "पेशंटचं रक्त थांबत नाही. रक्त पातळ करायची गोळी जास्त झालीय. उतारा काय द्याल? लवकर सांगा, पेशंट चाललाय!"

मी तिच्या हातांकडं बघत होते. दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले. चाळीस वर्षांची सवय होती ती. उत्तर तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, शपथ घेऊन सांगते, दिसलं. आता सगळं गेलं, असं मला वाटलं.

तिनं हात परत मांडीवर ठेवले.

"साखरपाणी," ती म्हणाली.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं हसले. सिस्टरही त्यांच्याबरोबर हसली. मी मान खाली घातली.

निकाल लागला तेव्हा खासनीसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शुद्ध हरपलेल्या वृद्धेचं नाव पुढं करून माणसांच्या जिवाशी खेळ, रक्ततपासणीबद्दल खोटं सांगणं, मृत्यूस जबाबदार, सात वर्षं सक्तमजुरी. त्याला गाडीत बसवताना मी मुद्दाम पुढं जाऊन उभी राहिले. त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडली होती.

"खासनीस," मी म्हटलं, "वय काही फार नाही तुमचं. काढाल सहज."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आईच्या फोटोपुढं मी पेढे ठेवले आणि स्वतः चार खाल्ले.

*

क्षेमालयाला कुलूप लागलं. बाकीच्यांना मुलंबाळं घेऊन गेली. सिस्टरचं कोण? कोर्टानं विचारलं, पालक कोण होणार? मी हात वर केला. त्या दिवसापासून कायद्यापुरती ती लहान मूल झाली. तिची सही चालत नाही, तिचा जबाब चालत नाही, ती काय खाणार आणि कुठली गोळी घेणार ते मी ठरवायचं. तिची शुद्ध परत तपासा असा अर्ज करायचा झाला, तर तोही फक्त पालकानंच.

आम्ही दोघी मजेत राहायला लागलो. घरात ती ठणठणीत होती. माझ्या शिकाऊ पोरांच्या चुका खिडकीतून बघून मला सांगायची, भाजीवाल्याची लबाडी पकडायची. बाहेर मात्र कुणी दिसलं की काही कळत नसल्यासारखा चेहरा मोकळा सोडायची. शेजारणी तिच्याशी मोठ्यानं, तोडून तोडून बोलायच्या आणि तिच्यादेखत मला विचारायच्या, "कळतं का हो यांना काही?" ती हसायची. दर वेळी थोडं कमी हसायची, हे माझ्या लक्षात येत होतं.

एका रविवारी ती चर्चमधून आली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी मेथी निवडत होते.

"रत्ना, मला बोलायचंय."

"बोला की."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अनूबाईंनी पालेभाजी सोडलीय ते." ती माझ्याकडं बघत नव्हती, मेथीच्या जुडीकडं बघत होती. "एकादशीला सकाळी माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, सिस्टर, त्या यंत्राला सांगू नका. सांगितलं तर दवाखान्यात नेतील आणि ती आहारवाली पोरगी मला समोर बसून पालक खायला लावील, नेम मोडेल माझा. अगं, ईस्टरआधीच्या माझ्या लेंटच्या उपवासात मी जेवत नाही हे कळू नये म्हणून त्या माझ्या ताटातलं आपल्या ताटात घ्यायच्या. मी त्यांना नाही कशी म्हणू? रोज तो प्रश्न यायचा. बाकीच्यांचं मी न बघता दाबायची, तुझ्या आईचं बघून दाबायची. 'नाही'."

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली.

"गोळीचं काय होईल ते ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं. पोरींना शिकवलंय मी ते. म्हटलं, पट्ट्यातून रक्त कळतंय, जास्त झालं तर यंत्र आपलं आपण गोळी उतरवेल." ती थांबली. "त्यानं खोटं सांगितलं, खरं आहे. पण मीही खोटंच सांगितलं की, रोज."

"आणि हे आज सांगताय?"

"दोनदा सांगितलं मी, तुला नाही, पाद्रीसाहेबांना. पहिल्यांदा ते म्हणाले, असू दे आजी. आज माझं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि हातात बिस्किट दिलं." तिनं पदराच्या गाठीतून ते बिस्किट काढून पाटावर ठेवलं. "देवाच्या घरीसुद्धा माझं पाप कुणी लिहून घेईना झालंय. रत्ना, तू अर्ज कर. माझी तपासणी होऊ दे. मी शुद्धीवर आहे, होते, हे मला कोर्टात सांगू दे. मग देऊ देत काय द्यायची ती शिक्षा."

"म्हणजे खासनीस सुटेल."

"सुटू दे. त्याचं तो बघेल."

"सुटू दे?" माझा आवाज इतका चढला की बाहेर गाडीपाशी उभी असलेली पोरं वळून बघायला लागली. "माझ्या आईच्या जिवाची किंमत एक उपास? सांगायचं नाही मला? एक फोन करायचा नाही? मी येऊन तिला दोन शिव्या घातल्या असत्या आणि आज ती इथं बसून मेथी निवडत असती!"

"म्हणूनच सांगितलं नाही त्यांनी तुला," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे?"

"नेम तुझ्यासाठी होता. तुझा राग शांत व्हावा म्हणून धरला होता. म्हणायच्या, पोरगी चांगली आहे, पण रागात तिला समोरचा माणूस दिसत नाही. चार महिने मी एवढं सोडते, देवानं तिचं तेवढं सोडवावं."

मला रडू आलं, आईचं पहिलं रडू, इतक्या महिन्यांनी. पदरानं तोंड दाबून मी रडले. सिस्टरनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात मला निखाऱ्यासारखा लागला. मी तो झटकून टाकला.

"अर्ज मी करायचा असतो, सिस्टर," मी डोळे पुसत म्हटलं. "मी करणार नाही."

"रत्ना..."

"त्याची सात वर्षं तो काढील. तुमची तुम्ही इथं काढा. शिक्षा हवी होती ना? ही घ्या. तुम्ही जन्मभर कुणालाही सांगत फिरा की मी केलं, कुणी खरं मानणार नाही. लोक बिस्किटं देतील."

तिचा चेहरा लोकांसमोर सोडायची तसा मोकळा झाला, पण या वेळी ते सोंग नव्हतं. पाटावर हात टेकून ती सावकाश उठली.

"मग अनूबाईंचा नेम वाया गेला म्हणायचा," ती म्हणाली.

"गेला," मी म्हटलं.

तिच्या औषधाची वेळ झाली होती. मी कपाट उघडलं, गोळ्या काढल्या, तिच्या तळहातावर ठेवल्या आणि ती पाण्याबरोबर त्या गिळेपर्यंत समोर उभी राहिले.